पांढऱ्या कापडावर झेंडू

बाबा, माझ्या चित्राचं कोडं निघालंय. म्हणजे पुठ्ठ्यावर चित्र छापायचं, त्याचे पाचशे वाकडेतिकडे तुकडे करायचे अन् डब्यात भरून विकायचे. घेणारा ते जुळवत बसतो. धडधाकट चित्र फोडायचं अन् तेच पुन्हा जोडून टाळ्या पिटायच्या, असली रिकामटेकडी अवलाद निपजलीय आता. डब्यावर माझं नाव, खाली ‘स्वतंत्र कलाकार’. ज्याला कुणी पगार देत न्हाई त्याला आजकाल असं म्हणतात. तुम्ही मंठ्याच्या स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये जन्मभर पाट्या रंगवल्या, तुम्हाला सगळे नुसतं पेंटर म्हणायचे.

चित्र आपल्या घरचंच आहे. बुद्धपौर्णिमेची सकाळ. आई चुलीवर खीर ढवळून राह्यलीय, तुम्ही टेबलावर पांढरं कापड अंथरून बुद्धाच्या मूर्तीपुढं मोगरा ठेवताय. मी विचारते, पांढऱ्यावर पांढरं फूल कसं काढायचं? तुम्ही म्हणता, “सावली काढ. फूल आपोआप दिसतं.” ते जमायला मला वीस वर्षं लागली, अन् जमलं तेव्हा तुम्ही नव्हता. अन् तो बियाण्याच्या दुकानाचा बोर्ड? कोपरा मोकळा दिसला म्हणून मी गुलाब काढला, तर तुम्ही रॉकेलच्या बोळ्यानं पुसून टाकला. दुकानदार म्हणत होता, “राहू द्या की पेंटर, मस्त दिसून राह्यलंय.” तुम्ही त्याच्यासमोरच मला झापलं, “जागा दिसली की फूल ठोकायचं? हात खाजवतो का तुझा?” आठ दिवस मी तुमच्याशी बोलले न्हाई.

तर ही पौर्णिमा मी कोड्यावाल्या कंपनीला द्यायची ठरवली. फोनवर त्यांच्या माणसाला वर्णन सांगितलं. त्याचं बोलणं गुळगुळीत, इस्त्री मारलेलं. “मॅडम, पांढरं फार होतंय हो. तुकडे सगळे सारखेच दिसणार, गिऱ्हाईक वैतागतं. आम्हाला सणाची फुलं हवीत. झेंडू टाका, पणत्या टाका.” टाका म्हणे, भाजीत मीठ टाकल्यासारखं! याच्या सात पिढ्यांत कुणी मोगऱ्याची सावली बघितली नसेल. पण मी पांढरं चित्र बाजूला ठेवलं अन् दुसऱ्या कागदावर तेच टेबल काढून झेंडूची तोरणं लावली, पणत्या मांडल्या, शेवंतीचे ढीग घातले. कापड दिसेना, मूर्ती गळ्यापर्यंत फुलांत बुडाली. तेच छापलं त्यांनी.

काल इथं नवीन जालन्यात शेजारच्या वहिनी ते कोडं जुळवत बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं बाई, ताई, दिवाळी किती गोड काढलीय तुम्ही!” मी थँक्यू म्हणाले. कसली मेली दिवाळी! आपली पौर्णिमा होती ती. हिला काय कळतंय कप्पाळ, असं मनात म्हणत घरी आले अन् तिला, कंपनीला, त्या इस्त्रीवाल्याला शिव्या घालत हे लिहायला बसले.

शिव्या देऊन झाल्या, तरी खरं सांगायचं ते राहिलंच. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा न्हाई, म्हणून लिहायची हिंमत होतेय. त्या माणसानं फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं होतं, “तुमचं पांढरंही पाठवा मॅडम. आमच्या साहेबांचा काही भरवसा नाही, तेच आवडेल त्यांना कदाचित.” मला वाटलं, पांढरं बघून ते बिचकले तर हातातलं कामच जाईल. मी झेंडूचं तेवढं पाठवलं. पांढरं कुणी नाकारलं न्हाई, बाबा. मी ते दाखवलंच न्हाई.