बाईला 'ला', बाप्याला 'ले'

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
…आणि वर हसतो! अर्धी अक्षरं गिळणारा हा काडिझचा पोरगा, वयानं माझ्या पोराएवढा, रुबेनएवढा, हा मला स्पॅनिश शिकवणार. मला! वायादोलिदमध्ये जन्मलेल्या बाईला! सगळ्यात शुद्ध बोली आमची, असं अख्खा स्पेन म्हणतो, आणि व्याकरणाला प्रोफेसर आणला तो समुद्राकाठचा. लेब्रोन त्याचं नाव. "व्याकरण म्हणजे काय, दोन वाक्यांत लिहा," म्हणाला. मी लिहिलं, मी बोलते ते. एकच वाक्य पुरलं.
बारा वर्षांची होते तेव्हा शाळेतून काढून कोंबड्यांची पिसं उपटायला बसवलं मला. विद्यापीठाची पंचेचाळिशीपुढच्यांची प्रवेशपरीक्षा मात्र पहिल्या फटक्यात काढली. भाषा, साहित्य आणि संस्कृती. कोर्स चार वर्षांचा. मला तीन पुरतील.

२ ऑक्टोबर
साहित्याच्या बाईंनी मध्ययुगातली एक कविता वाचायला दिली. स्पेलिंगच्या चुकाच चुका. सगळ्या दुरुस्त करून परत दिली. बाईंनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. छाप पडलेली दिसते.

१२ ऑक्टोबर, रविवार
रुबेन आणि सून जेवायला. सून येनी, कोलंबियाची, दातांच्या दवाखान्यात काम करते. पोरगी वाईट नाही, पण बोलणं! आमच्याकडे 'त्याला', 'तिला' म्हणायचं किती सोपं आहे. पुरुषाला काही सांगितलं तर 'ले' म्हणायचं, बाईला सांगितलं तर 'ला'. ही बाईलाही 'ले' म्हणते. यांच्या लग्नात ग्लास उंच धरून बोलायला उठली, "सासूबाईंना मला एवढंच सांगायचंय की," आणि तिथंही 'ले'! मी बसल्या जागेवरून ओरडले, "'ला'! मी बाई आहे, बाप्या नाही!" अख्खा हॉल हसला. ती खाली बसली. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.
तेव्हापासून दर रविवारी सुधारते तिला. आज सूप वाढता वाढता दोनदा. "बरं, दोन्या विसी," म्हणजे विसीबाई, एवढंच म्हणते. रुबेन म्हणाला, "आई, जेवू दे ना तिला." नवरा, सातुर, पाव चावत बसला. त्याचं मत कायम पावातच असतं.

१८ नोव्हेंबर
निश्चय. बाजारातला कोंबड्यांचा गाळा बंद केल्यावर रोज दोन तास अभ्यास. उद्यापासून.

१९ नोव्हेंबर
नाताळच्या ऑर्डरी सुरू. जानेवारीपासून.

११ डिसेंबर
शेजारच्या मासळीवाल्या चारोला सांगितलं, व्याकरणात पहिली येणार. तिनं बाजारभर केलं. बरंच झालं. आता गिऱ्हाइकं म्हणतात, "प्रोफेसरीणबाई, दोन तंगड्या द्या." हसतात. जळतात मेले.

२३ जानेवारी
व्याकरणाचा पेपर. सोपा. वर्गात सगळ्यात आधी उठले.

६ फेब्रुवारी
दहापैकी दोन. दोन!! पेपरभर लाल गोल, आणि बहुतेक गोलांत एकच शब्द. 'ला'.
तडक लेब्रोनच्या खोलीत. तो म्हणाला, "विसी, सांगणं, देणं, लिहिणं, सगळीकडे 'ले'च येतो. बाई असो की बाप्या. तुमच्या गावात 'ला' म्हणतात, त्यात पाप नाही. पण पेपरात चालत नाही." मी म्हटलं, माझी आई 'ला' म्हणायची, आजी 'ला' म्हणायची. म्हणतो, "माझा पेपर दिला असता तर दोघीही नापास झाल्या असत्या."
मग म्हणाला, "कोलंबियाकडचं कोणी ओळखीचं आहे का? त्यांना हे जन्मापासून येतं. रोज तासभर त्यांच्याशी बोला." मी म्हटलं, कोणीही नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
येनीला आज एकदाही सुधारलं नाही. घसा दुखत होता.

९ फेब्रुवारी
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, फेरपरीक्षा २६ जूनला, तीच शेवटची. गेली तर नाव कमी होणार. मी म्हटलं, तशी वेळ येणार नाही. सगळा घोळ एका अक्षराचा. एका आठवड्यात जीभ वळते.

१४ मार्च
जीभ जरा जाड आहे. पण वळतेय. आज बाजारात मुद्दाम सराव केला. चारोला म्हटलं, तुझ्या पोरीला सांग, अंडी बाजूला काढून ठेवलीत. आणि 'ले' लावला. चारो तिच्या गाळ्यावरून ओरडली, "'ला' म्हण गं! पोरगी आहे माझी, पोरगा नाही! हेच शिकवतात का तिकडे?" सगळा बाजार खिदळला. मासे घ्यायला आलेला पाद्रीसुद्धा. मी सुरी पुसत राहिले. एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही.
रात्री जेवले नाही. भूक नव्हती.

२० मे
लेब्रोननं सरावाचा पेपर घेतला. या वेळी धोकाच नको म्हणून जिथं तिथं 'ले' लिहिला. तर म्हणतो, "बाईला पाहिलं, बाईला उचललं, इथं मात्र 'ला'च बरोबर!" म्हणजे बाईला पाहिलं तर 'ला', आणि तिच्याशी बोलायला गेलं की 'ले'? ही भाषा आहे की चेष्टा? दहापैकी दीड.

७ जून, रविवार
येनी जेवताना सातुरशी बोलत होती, मी कान देऊन ऐकलं. पाहिलं, सांगितलं, दिलं, बोलावलं. एकही चुकत नाही. विचारसुद्धा करत नाही, घास खाता खाता बोलते. रुबेन म्हणाला, "आई, तिच्याकडे अशी टक लावून का बघतेस?" म्हटलं, केस छान कापलेत. तिनं केस कापलेलेच नव्हते.

१४ जून, रविवार
आज विचारणार होते. येनी ताटं पुसत होती, मी पाठीमागे उभी. म्हणाली, "काही हवंय का, दोन्या विसी?" म्हटलं, फडकं ओलं झालंय, दुसरं घे.
ते घरी गेल्यावर फोनवर लिहिलं. तिच्याच भल्यासाठी. पोरीला इथं बोलायला हक्काचं माणूस नाही. लिहिताना चार वेळा 'ला' खोडून 'ले' केला. पाठवलेलं असं:
"येनी, लेब्रोनच्या मते तुम्ही लोक बरोबर बोलता. माझं मत अजून ठरलेलं नाही. २६ ला माझा पेपर आहे. तोपर्यंत रोज संध्याकाळी गाळ्यावर ये, तासभर बस. माझं चुकलं की ओरड. सगळा बाजार ऐकत असला तरी चालेल. आणि लग्नात उभी राहून सासूला काय सांगणार होतीस, तेही सांगून टाक एकदा. 'ले' लावून सांग. मी मध्ये बोलणार नाही. येतेस की नाही, गुरुवार संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे."