उतारावरची माती

बाहुबली,

तुझा निरोप पोचला. "आक्काच्या रानात वाहून गेलेली माती माझी हाय, ट्रॅक्टर लावून परत आणणार," म्हणालास म्हणे.

उतारावरचं गवत आईनं कधी उपटू दिलं न्हाय. विळ्यानं कापायचं, मुळं ठेवायची. "गवतावरचा पाऊस मुरतोय, उघड्या रानातला माती घेऊन जातोय," म्हणायची. तू उसासाठी जेसीबी घालून सगळा उतार खरवडलास. जुलैच्या पावसात तुझा मुरूम उघडा पडला आणि खाली माझा भुईमूग गाळात गाडला गेला. त्याबद्दल एक शब्द न्हाय.

आईची रक्षा तू त्याच उतारावर पसरलेलीस, जेसीबी घालायच्या आधी. मी वाटणी मागितलेली, म्हणून मला वर येऊ दिलं न्हाईस. मी बांधाखालनं बघत उभी होते.

हे पत्र टाकत न्हाय. वाचून तू रडशील, आणि मला परत तुझी दया येईल. पण ट्रॅक्टर माझ्या बांधाच्या आत येणार न्हाय. त्या मातीतनं आई माझ्याकडं आलीय. त्या दिवशी मी खालनं बघितलं, आता तू वरनं बघ.

तुझी न राहिलेली आक्का,
राजमती