मुलांना गिरणीत घाला

कर्जत, डिसेंबर १९२९

चि. सौ. सुनीतीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझा खोकला गेला का?

इथले भातगिरणीचे शेठजी माझ्या शाळेच्या मोठ्या मुलांना इंजिनाचं काम शिकवणार आहेत. मुलं आली तरच शाळेला खोली देतील, नाहीतर शाळा बंद. म्हणून ठाकरांच्या वाडीवर गेले आणि म्हणाले, "मुलांना गिरणीत घाला!"

तिथल्या बुधीने लेकाला पदराआड ओढलं. "पोर काय भात हाय, बाय?"

कॉन्व्हेंटात आपलं मराठी असंच राहिलं, नाही गं? किती समजावलं! शेवटी म्हणाली, "पयली तुमी आत जा. धड भायेर आलात तर पाठवीन."

उद्या जाते. सगळी वाडी बघायला येणार आहे. इंजिनाच्या पट्ट्याची मला धडकी भरते, हे कुणाला सांगितलेलं नाही.

मुलांना जवळ घे.

तुझी,
ताई