ताकदीची गोळी

लातूर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रामलिंग यास सिंधुआक्काचा आशीर्वाद.

देवणीला सगळं बरं आसंल. गाय व्याली का? मी इथं बरी हाय, तुझी लेक साक्षी माझ्यापाशी राहून शाळेला जाती. आईची लई आठवण काढती. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून ही चिठ्ठी. कुणाकडून वाचून घेऊ नको.

ज्ञानेश्वरीला खोकल्यासाठी दवाखान्यात ठेवलंय, एवढंच तुला कळवलं होतं.

दवाखान्यात बुधवारी एचआयव्हीवाल्यांची बैठक आसती, तिथल्या बाया तुझं नाव काढतात. एकदाच आलास. दारातनं बायका बघितल्यास अन् "मी काय बांगड्या भरल्यात का, इथं रडत बसाया?" म्हणून निघालास. बैठक घेणाऱ्या ऋतुजा म्याडम मागं पळाल्या, त्यांच्याशीबी बोलला न्हाईस. तपासणीत एचआयव्ही तुलाबी निघाला, तरी गोळ्या घेतल्या न्हाईस. गावात मात्र बायकोचाच आजार म्हणून सांगितलंस. तुझे दाजीबी आसंच करायचे. आता त्यांच्या फोटोला मी हार घालते.

आरं, नुसता खोकला न्हाई तो. टीबी हाय, छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणले, एचआयव्हीच्या गोळ्या चुकल्यात. पण तिची डबी दर महिन्याला रिकामी यायची, म्हणून कुणाला संशयच आला न्हाई. लई खोदून विचारल्यावर बोलली. एक दिवस ती खायची, एक दिवस तुला द्यायची. दुधासंगं ताकदीची म्हणून घ्यायचास ना, ती हीच.

तुला ठाऊक न्हवतं, आसं मी धरून चालते. ठाऊक आसंल तर मला सांगू नको.

अशानं दोघंबी मराल, म्हणून लई चिडले तिच्यावर. हाव, आता रोज गिळते म्हणाली. काल सिस्टरनं गोळी दिली, माझ्यासमोर पाणी प्याली. मग तिचं तोंड पुसाया पदर धरला, तर गाठीत गोळी.

"ते इथं यायचे न्हाईत, आक्का," म्हणाली.

तुझं नाव इथं गोळ्यांसाठी लागल्याबिगर ती गोळी गिळायची न्हाई. बुधवारी ये. बायांत बसू नको, बाहेर लिंबाखाली माझ्यापाशी बस. बोलावं वाटलं न्हाई तर बोलू नको, पण ये.

गाठीतली गोळी ह्या पाकिटात हाय. तू खाऊ नको. घेऊन ये, अन् तुझ्या हातानं तिच्या तोंडात घाल.

तुझी, पण सध्या आधी तिची,
सिंधुआक्का