‘मासे’ या नावानं साठवलेला नंबर

प्रिय नंदू,

आरंभी एक तक्रार नोंदवून घे. तू गेल्यापासून तुझा मोबाईल माझ्याकडे असतो. वंदनाला तो घरात वाजलेला सोसत नाही आणि बंद पडलेलाही सोसत नाही, म्हणून तिनं तो थोरल्या दिराच्या, म्हणजे माझ्या खिशात टाकला. तक्रार त्याच्या आवाजाबद्दल आहे. तो बदलायचा कसा, हे आमच्या नवघरमध्ये एकाही माणसाला ठाऊक नाही. दुकानदारानं ‘अंकल, ये तो इन्होंने खुद डाला है’ म्हणून फोन परत दिला. परवा आठवीच्या वर्गात ‘देवः देवौ देवाः’ चालू होतं आणि माझ्या खिशात कुणीतरी रिकामं पिंप जिन्यावरून ढकललं. पोरांनी बाकांवर ताल धरला. तीस वर्षं विभक्ती शिकवतोय, पण वर्गाची अशी एकाग्रता मी पाहिली नव्हती.

तो मेसेज होता. पाठवणाऱ्याचं नाव ‘मासे’. मजकूर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत: रविवारी पाच वाजता उत्तनजवळच्या डोंगरीला माझ्या घरी गाणार आहे, स्पीकर नाही, फोन ज्याच्याकडे असेल त्यानं रेवाला घेऊन यावं.

मासे विकणारा गाणार आणि स्पीकरशिवाय गाणार, यात मला काही वावगं वाटलं नाही. त्यांचा आवाज तसाही लांब जातो. शिवाय तुझं आणि माशांचं जुनं नातं. महिन्यातल्या एका रविवारी ‘उत्तनला माशांना जातो’ म्हणून तू सकाळी निघायचास आणि जेवायच्या वेळेला चार बोंबील घेऊन यायचास. चार बोंबलांना पाच तास. मी विचारायचो, स्वतः पाण्यात उतरून धरतोस का रे? तू म्हणायचास, “दादा, निवडून घ्यावे लागतात.”

तुझ्या लेकीनं मेसेज वाचला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“काका, हे मासेवाले नाहीत. लुकस अंकल आहेत. बाबांच्या जुन्या बँडमधले. बाबा त्यांच्याकडेच जायचे वाजवायला. मलापण न्यायचे.”

“आणि मासे?”

“ते येताना घ्यायचे. नाहीतर तुम्ही विचारलं असतं ना.”

लुकस हे नाव मी विसरलो नव्हतो. या माणसाला मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, माहीमच्या आपल्या दारात, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. त्या दारात मी काय बोललो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच. ते आज तुला लिहितोय, आणि त्या रविवारी डोंगरीला जे कळलं तेही.

तर आधी दार. तू विशीचा होतास, लुकसच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचास. कलकत्त्याच्या एका हॉटेलात सहा महिन्यांचं काम मिळण्याचं चाललं होतं आणि पक्कं झालं की तो येऊन तुला घेऊन जाणार होता. घरात फोन नव्हता. मला हे सगळं आईकडून कळलं होतं. एका सकाळी दार वाजलं. खांद्यापर्यंत केस, हातात मोटारसायकलची किल्ली. “नंदूला पाठवता का? आज निघायचंय.” तू आतल्या खोलीत झोपला होतास. मी म्हणालो, “नंदू घरी नाही. रत्नागिरीला गेलाय, मामाकडे.” तो गेला. चार दिवसांनी तुझी विमा कंपनीतली मुलाखत होती. तू ती दिलीस, नोकरी लागली, आणि लुकस का आला नाही हे तू कधी विचारलं नाहीस.

मागाहून मी कारणं जमवली. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, आई खचली होती, माझा पगार मास्तराचा होता. कारणं चांगली आहेत, परीक्षेत पूर्ण गुण मिळतील अशी. पण दारात उभा असताना यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर आलं, मामासकट.

तर लुकसला ते आठवतं का? त्यानं तुला ते कधी सांगितलं का? वर्षानुवर्षं तुम्ही दर महिन्याला भेटत होतात, मग काय बोलत होतात? या कुतूहलापोटी मी रविवारी निघालो. वंदना म्हणाली, “तुम्ही दोघं जा, मला नाही ऐकवणार.”

रिकाम्या हातानं कलावंताकडे कसं जायचं, म्हणून मी शाल आणि नारळ घेतला. बसमध्ये रेवानं पिशवीत डोकावून पाहिलं.

“काका, प्लीज. ते रॉक म्युझिशियन आहेत.”

“मग त्यांना थंडी वाजत नाही?”

दुसरी तयारी मी तिला दाखवली नाही. कानांत कापसाचे बोळे घातले होते. तुझ्या खोलीतून जे काही पूर्वी ऐकू यायचं, त्या अनुभवावरून मी हा बंदोबस्त केला होता. डोंगरीला उतरलो तर लुकसचं घर म्हणजे कौलारू, पुढे ओसरी, अंगणात प्लास्टिकच्या चाळीसेक खुर्च्या. तो ओसरीत स्टुलावर बसला. साठी उलटलेली, केस गेलेले, नाकावर चष्मा, मांडीवर साधी लाकडी गिटार. वायर नाही, खोका नाही. म्हणाला, चाळीस वर्षं स्पीकरच्या पुढ्यात उभा राहिलो, आता कानात सतत शिट्टी वाजते, डॉक्टर बोलला हळू वाजव नाहीतर बंद कर, म्हणून हळू वाजवतो. मग त्यानं वाजवायला सुरुवात केली आणि मला फक्त बोटं हलताना दिसली. पहिलं गाणं अर्धं होईपर्यंत मी मनाशी म्हणत होतो, हळू म्हणजे किती हळू. रेवानं माझ्या कानाकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला. मी बोळे तिच्या हातावर ठेवले.

नंदू, मला काय ऐकू आलं सांगू? तारेवरून बोट सरकताना एक बारीक चुईं आवाज येतो. गाण्याआधी तो श्वास घेतो, तो ऐकू येतो. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो थांबला, दुसरी होईपर्यंत वाट पाहिली आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे गेला. इंग्रजी शब्द मला निम्मे कळले. पण तुला तरी पूर्वी कुठे कळायचे? तू ते ऐकून ऐकून पाठ करायचास, अर्थाची वाट न पाहता, आणि मी तुला हसायचो. मी स्वतः आठव्या वर्षी सूक्तं कशी पाठ केली होती? अर्थ मला मिसरूड फुटल्यावर कळला. हे साम्य तुझ्या हयातीत माझ्या लक्षात का आलं नसावं?

एका गाण्यात तो मधेमधे थांबत होता. दोन-चार मात्रा नुसत्या मोकळ्या. मला वाटलं, म्हातारा विसरतोय. मग शेजारी काहीतरी ऐकू आलं. रेवा ओठ मिटून, अगदी खालच्या सुरात गुणगुणत होती, नेमकी त्या मोकळ्या जागांमध्ये. तो तुझा भाग होता. तिला अख्खा पाठ आहे. तू एवढी वर्षं काय वाजवत होतास ते मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं, आणि तेही वाजत नव्हतं म्हणून.

मध्ये चहा होता. रेवा लाजेनं डोळे मिटून घेण्याच्या बेतात असताना मी उठून शाल आणि नारळ दिला. लुकस खळखळून हसला. “नारळाला इथं तोटा न्हाय, पण शाल कोण देत न्हाय.” उरलेला सगळा कार्यक्रम त्यानं ती पांघरून केला. हे मी रेवाला दोनदा कोपरानं दाखवलं.

कार्यक्रम संपला. लोक चहाचे कप आत नेऊन ठेवायला लागले, रेवाही त्यांच्यात गेली. मी ओसरीत त्याच्यापाशी उभा राहिलो. दोन दिवस एक इंग्रजी वाक्य घोकलं होतं, ते सुरू केलं.

“मराठीत बोला ओ,” तो म्हणाला. “मी डोंगरीचा हाय, लंडनचा न्हाय. तुम्ही दादा ना?”

“हो. तुम्ही एकदा माहीमला आला होतात. आठवतं का?”

“आठवतंय म्हणजे? तुम्ही बोलला, नंदू घरी न्हाय, रत्नागिरीला गेला हाय, मामाकडे.” तो शालीचं टोक सारखं करत होता. “एक विचारू? मामा कशाला घातला मध्ये?”

मी शालीचं दुसरं टोक सारखं करायला घेतलं. तोच पुढे बोलला.

“मी खाली आलो, गाडीला किक मारली, वर बघितलं. आतल्या खोलीच्या खिडकीत नंदू उभा.”

“झोपला होता तो.”

“इस्त्रीचा शर्ट घालून कोण झोपतो, दादा?”

“मग? काही बोलला?”

“हात केला. असा.” त्यानं तळहात छातीपर्यंत वर उचलला, माझ्याकडे वळवला आणि तसाच धरला. “मी समजलो, जा बोलतो. गेलो.”

“पुढे विचारलं नाहीत त्याला?”

“वीस वर्षांनी भेटला तेव्हा विचारलं. हसला. बोलला, दादा बोलला ना, मी घरी नव्हतो.”

“पण बाहेर का आला नाही तो?”

लुकसनं गिटार भिंतीला टेकवली. “ते मी कशाला विचारू? भाऊ तुम्ही. तुम्ही विचारायचं.”

आता विचारतोय. नंदू, तुझ्या खोलीपासून दारापर्यंत दहा पावलं होती. तू शर्ट घालून तयार होतास. तू का आला नाहीस? बाहेर आलास तर त्याच्यासमोर मी खोटा पडेन म्हणून? आईसाठी? की तुझं मनच होत नव्हतं आणि मी आयतं कारण हातात दिलं? ही तिसरी शक्यता मला फार सोयीची आहे, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. आणि तो हात? ‘जा’ म्हणणारा, ‘थांब’ म्हणणारा की नुसता निरोपाचा? घरी आल्यावर आरशासमोर उभा राहून मी तो करून पाहिला. तिन्हीसाठी तसाच दिसतो.

एक मात्र तुझं चुकलं. अठ्ठावीस वर्षं तू मला माझ्या चतुराईवर खूश राहू दिलंस. माझ्याकडे जेवायला येत राहिलास, रेवाच्या बारशाला तिचं नाव मला निवडू दिलंस, पाठ दुखायला लागली तेव्हा माझ्याच सांगण्यावरून माझ्या ओळखीच्या वैद्याकडे गेलास. रागावला होतास का? एकदा तरी भांडायचंस. निदान खटला चालला असता, मला माझी बाजू मांडता आली असती. ती लंगडी निघाली असती, पण ती लंगडी आहे हे कुणीतरी मला सांगितलं असतं.

परतीच्या बसमध्ये उजेड कमी होत होता. रेवा खिडकीशी बसली होती.

“काका, अंकलशी एवढं काय बोलत होतात?”

“काही नाही गं. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. तेल विचारत होते.”

तेलाबद्दल तिनं विचारलंच नव्हतं. मी आपणहून नावही सांगितलं आणि ते कोमट करून लावायचं असतं, असंही सांगितलं. मला काही ठरवावं लागलं नाही.

“बरं,” ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, “शाल छान दिसत होती त्यांना.”

येत्या रविवारी मी इंद्रलोकला तुमच्या घरी जाणार आहे. रेवाला समोर बसवून सगळं सांगणार आहे: दार, खिडकी, तुझा हात, माझा मामा आणि ते तेलही. शब्द देतो. तिनं ‘का’ विचारलं तर जमवलेली कारणं सांगणार नाही. मला माहीत नाही, असं सांगेन.

ती रागावेल याची मला काळजी नाही. रागावली तर मी तिचा आभारी होईन. काळजी वेगळी आहे. तेलाचं सांगत होतो तेव्हा तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. कप ठेवून ती ओसरीच्या दारापर्यंत केव्हा आली होती, हे मी पाहिलं नव्हतं. मला वाटतं, नंदू, तिनं सगळं ऐकलंय. आणि मला सांभाळून घ्यायला तिनंही सुरुवात केली आहे.

तुझा,
दादा