फोनचा रिकामा रकाना

३ मार्च, सोमवार

तक्ता मला मिळाला! सहा शिकाऊंमधून मला! बाकीच्यांना फाइली लावणे, खुर्च्या मांडणे, आलेल्या माणसांना आत सोडणे. आणि मला मात्र वर्षभरात मदत केंद्रात सल्ला मागायला आलेल्या दोनशे बारा माणसांचा अख्खा तक्ता. चौदा वर्षं विमा कंपनीत आकड्यांत डोकं खुपसून बसले, त्याचं चीज झालं एकदाचं.

प्रश्न असा: दोनशे बारांपैकी एकशे एकतीस जण एकदा आले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. का? ते शोधायचं आणि महिनाअखेरीला सगळ्यांसमोर मांडायचं.

आम्हाला शिकवणाऱ्या बाई दर वाक्याआधी ‘सबूर’ म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना सबूरबाई म्हणतो. (त्यांना माहीत असावं.) म्हणाल्या, “सबूर. यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस आहे. पळत सुटू नकोस.” मी मान डोलावली. मनात केव्हाच पळायला लागले होते!

४ मार्च, मंगळवार

दिवसभर साफसफाई. तक्त्याची! काय अवस्था होती — वयाच्या रकान्यात पत्ता, पत्त्याच्या रकान्यात ‘पुन्हा विचारा’. नावं आधी काढली, नियमच आहे. नावाऐवजी क्रमांक. कुणाची चौकशी कशाची होती, ते तेवढं ठेवलं.

‘फोन’ असा एक रकाना होता. साठेक ठिकाणी ‘हो’, बाकी कोरा. शेजारीच ‘संपर्क क्रमांक’ होता, काठोकाठ भरलेला. मग हे अर्धवट लोढणं कशाला? उडवला! असे एकूण सात रकाने उडवले. तक्ता कसा लख्ख दिसायला लागला.

घरी येऊन कौतुकाने सांगितलं तर नवरा म्हणतो, “आपल्या माळ्यावर पण फिरव की असा हात.”

६ मार्च, गुरुवार

सापडलं!

जे पुन्हा आले नाहीत, ते कुणाकडे गेले होते? सबूरबाईंकडे! त्यांच्याकडच्या दहातले आठ परत येत नाहीत. बाकीच्यांकडचे निम्मे तरी येतात. तीनदा मोजलं. तेच.

आता हे त्यांना सांगायचं कोणी? मीच.

७ मार्च, शुक्रवार

दाखवलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल. त्या खो खो हसल्या! “सबूर. न येणं म्हणजे न आवडणं, हे कुणी सांगितलं तुला? विचारलंस का त्यांना?”

“विचारू?”

“विचार. संमती बघ आणि विचार.”

संमती काय, अर्जाच्या पहिल्या पानावर प्रत्येकाची सही आहेच. पाहिली पटापट. मंगळवारी फोन! उकळ्या फुटतायत मनात. शनिवार-रविवार कसे जाणार कोण जाणे.

११ मार्च, मंगळवार

चौदा फोन! घसा बसलाय आणि मी हवेत आहे!

पहिल्याच बाई: “अहो, काम झालं की माझं. परत कशाला येऊ?” दुसरे गृहस्थ: “बाईंनी कुणाला भेटायचं ते सांगितलं, भेटलो, सुटला प्रश्न.” तिसरी तर माझ्यावरच डाफरली, “म्हणजे परत यायचं होतं का? काही राहिलं का माझं?” एकामागून एक तेच! काम झालं. काम झालं. काम झालं. सबूरबाईंकडचे लोक परत येत नाहीत कारण त्यांचं भागलेलं असतं! मी नेमकं उलटं वाचत होते. वर्गात नाचायचीच बाकी होते मी.

क्रमांक अठ्ठ्याऐंशी तेवढा कोरडा गेला. कुणी तरुण आवाज होता. मदत केंद्रातून बोलतेय म्हटल्यावर “कशाबद्दल फोन?” म्हणाला. मी म्हटलं, “निवासातल्या खोलीची चौकशी केली होती ना, त्याचं पुढे काय झालं?” “कसली खोली?” “ज्येष्ठांच्या निवासातली.” तो “बरं” म्हणाला आणि ठेवून दिला. लिहिलं: माहिती नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते सरळ लिहिते.

अकराच्या सुमारास एक काका आले. सत्तरीचे, इस्त्रीचा सदरा, खिशात टेस्टर. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणे. टेबलापाशी उभे राहिले आणि आवाज न चढवता विचारलं, “माझ्या घरी फोन कुणी केला?”

सबूरबाईंनी त्यांना खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले, “मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, घरी फोन नको. तुमच्या माणसाने माझ्यासमोर तो रकाना कोरा ठेवला. आता मुलगा तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवतो आणि उठतो.”

कोरा ठेवला! ‘हो’ म्हणजे फोन चालेल. कोरा म्हणजे नको. आणि मी —

काका म्हणाले, “मुलगा वाईट नाही हो. घरही जड झालेलं नाही मला. माझा जुना सोबती त्या निवासात राहतो, त्याच्यासोबत बुद्धिबळ खेळावं, जरा आपल्या वयाच्या माणसांत राहावं, एवढंच मनात आहे. पण मुलाला वाटणार, बापाला आपण नकोसे झालो. योग्य वेळ बघून मीच सांगणार होतो. ती वेळ तुम्ही घेतलीत माझ्याकडून.”

खोली एकतीस तारखेपर्यंतच राखून ठेवलीय. तोवर होकार दिला नाही तर दुसऱ्याला.

सबूरबाई म्हणाल्या, “मी तपासते. पुढच्या शुक्रवारी याल का?” ते गेले.

मी तोंड उघडलं नाही. तिथेच होते. चार हातांवर.

१५ मार्च, शनिवार

अठ्ठ्याऐंशी क्रमांक म्हणजे काका, हे कोणाला कळणारही नाही. नावं मीच काढली होती, रकाना मीच उडवला होता. बोट दाखवायला कुणी शिल्लकच नाही. किती लख्ख काम!

जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगितलं, काकांबद्दल काही न सांगता, फक्त माझं. तो थट्टा करेल वाटलं. नाही केली. “सोमवारी लवकर निघ,” एवढंच म्हणाला. लेक बारा वर्षांची, कान टवकारून होतीच — “आई, तुला काढून टाकतील?”

१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

सबूरबाई आज एकदाही ‘सबूर’ म्हणाल्या नाहीत. मूळ तक्ता उघडायला लावला. चौदा फोनांपैकी नऊ जणांचा रकाना कोरा! आठ जणांनी नशिबाने फोन स्वतःच उचलला होता. माझ्या नशिबाने नव्हे, त्यांच्या.

“शुक्रवारी का नाही बोललीस?”

“घाबरले.”

“हं. तेही लिही अहवालात. फोनला हात लावायचा नाही आता. काकांची माफी मागायची असेल तर ते येतील तेव्हा, समोर.”

काढून टाकलं नाही! जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाजही वाटली, की आधी माझाच जीव पडला.

१८ मार्च, मंगळवार

आले नाहीत तर? फोन करून विचारताही येत नाही!

२१ मार्च, शुक्रवार

आले! आज बसले!

मी समोर जाऊन म्हटलं, “फोन मी केला होता. रकाना मी काढून टाकला होता. आणि मागच्या शुक्रवारी मी इथेच उभी होते आणि गप्प बसले.” पाठ केलेलं पुढचं सगळं विसरले.

ते म्हणाले, “लिफ्टचं दार उघडायच्या आधी लिफ्ट त्या मजल्यावर आहे की नाही हे बघायचं असतं. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात.” मी म्हटलं, “आमच्यातही शिकवतात.” त्यावर हसले! हसले म्हणजे ओठाचा एक कोपरा हलला. मला तेवढं पुरे.

मी सुटका झाली म्हणून निघायला लागले तर म्हणाले, “कुठे निघालात? बसा. आता मुलाशी बोलायचं कसं ते सांगा.”

सबूरबाईंनी लांबून मानेने ‘बस’ म्हटलं.

केवढी परीक्षा! जिभेवर सारखं येत होतं — मी बोलू का त्याच्याशी? मी चिठ्ठी लिहून देऊ? मी असं करते ना... प्रत्येक वेळी गिळलं. फक्त विचारलं, “सुरुवात कशी कराल?” काका म्हणाले, “अरे, तुझा काही दोष नाही.” मग स्वतःच मान हलवली. “छे. दोष म्हटला की दोषच ऐकू येणार त्याला.” पुन्हा. “मला तिकडे जायचंय.” पुन्हा मान. “हे फार तोडून झालं.” अर्धा तास असं चाललं. मी बोटावर मोजण्याइतकी वाक्यं बोलले असेन. शेवटी त्यांना सापडलं ते असं: “माझ्यासोबत एकदा ती जागा बघायला येशील का?” आपलं आपल्यालाच सापडलं! चेहरा बघायला हवा होता त्यांचा. आणि माझा!

मुलगा मात्र अजून गप्प. का, ते काकांनाही कळत नाही. “रागावलेला दिसत नाही,” म्हणाले. “घाबरलेला दिसतो. तो कशाला घाबरेल?”

२५ मार्च, मंगळवार

अहवालात अडकले. नऊ जणांची उत्तरं वापरायची नाहीत, न विचारता घेतलेली आहेत. म्हणजे उरले पाच. आणि पाच जणांवरून काय सिद्ध होणार, कपाळ! सगळा सुंदर शोध माझ्याच हाताने खोडला. बरोबर आहे हे माहीत असूनही रडू आलं.

२६ मार्च, बुधवार

मांडलं! शेवटचं वाक्य: “लोक परत का येत नाहीत, हे मला माहीत नाही.” विमा कंपनीत असं वाक्य बोलले असते तर साहेबांनी खिडकीतून फेकलं असतं.

इथे काय झालं, तर सगळे एकदम बोलायला लागले! मी तर संमती बघायला चुकीचं पान उघडलं होतंच. एक जण म्हणाला, त्याने फाइली लावताना कोऱ्या जागी स्वतःच ‘नाही’ लिहून टाकलंय. दुसरी म्हणाली, ती कोरं दिसलं की माणूस विसरला असं समजून दुसऱ्यांदा विचारते, लोक वैतागतात. तासभर नुसता गोंगाट. ठरलं असं, की उद्यापासून पहिल्या भेटीच्या शेवटी प्रत्येकाला तोंडी विचारायचं: पुढे चौकशी केली तर चालेल का, कुठे, कशी, फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय करायचं. उत्तर शब्दांत लिहायचं. कोरं काहीच नाही. वर्षभराने त्यावर नवा तक्ता. आणि तो करायला सबूरबाईंनी मला थांब म्हटलंय! वर्षभर! नोकरी!

नवऱ्याने लेकीला उचलून फिरवलं. मी फिरवण्याच्या वजनाची नाही.

२७ मार्च, गुरुवार

काका अजून बोललेले नाहीत. चार दिवस उरले. नोकरीचा आनंद आहेच, पण मध्येच काकांची एकतीस तारीख आठवते.

२८ मार्च, शुक्रवार

काका दहाला आले, आतल्या खोलीत सबूरबाईंकडे बसले. आज संध्याकाळी बोलायचंच, एकदा शेवटची तालीम हवी म्हणाले. मी बाहेरच्या खोलीत.

सव्वादहाला एक जण आला. तिशी-पस्तिशीचा, हातात हेल्मेट. नवीन नोंद. बसला आणि एका दमात सगळं ओकला — दुसऱ्या शहरात बढतीची बदली आलीय, दोन महिने कागद खिशात घेऊन फिरतोय, घरी म्हातारे वडील, त्यांना एकटं कसं टाकू? “आणि बाबांना कुठून तरी कळलंय हो. म्हणून तर ते गुपचूप निवासात जागा शोधतायत. मला त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.”

तो आवाज! “बरं” म्हणणारा.

सगळं उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्यात दोघांची सुटका झाली असती. पाणी प्यायले. विचारलं, “सुरुवात कशी कराल?”

अर्ध्या तासाने उठला. म्हणाला, “मी इथे आलो होतो हे बाबांना कळू देऊ नका.” मी म्हटलं, “माझ्याकडून नाही कळणार.” दारापाशी थांबला. “घरी जायच्या आधी जरा धीर गोळा करतो. इथल्या बाकावर पाच मिनिटं बसलो तर चालेल?”

तो बाक आतल्या खोलीच्या दारासमोर. नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार, म्हणजे काका उघडे पडतात; हो म्हटलं तर काका बाहेर येताच हा. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सबूरबाईंना विचारायला वेळ नव्हता.

इतर कुणालाही म्हटलं असतं तेच म्हटलं. “बसा ना.”