साडूपेक्षा मोठी टाकी

४ फेब्रुवारी, रविवार
साडूकडे जेवायला. साडूने गाडी घरीच रंगवलीय. गडद लाल. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कॉम्प्रेसरवर. निघताना बायकोने त्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघून लिपस्टिक सारखी केली. दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये! वर म्हणाली, जिजाजींच्या हातात जादू आहे. आमच्या बॉनेटमध्ये बघितलं तर फक्त गंज दिसतो.
मला मत्सर वाटला नाही. गोड खाल्लं नाही, इतकंच.

५ फेब्रुवारी, सोमवार
निश्चय. आपली गाडी आपणच रंगवायची. बायकोने लिपस्टिक आपल्याच बॉनेटमध्ये लावली पाहिजे. त्यासाठी कॉम्प्रेसर घ्यायचा, साडूपेक्षा मोठा. त्याची टाकी काल मोजून ठेवलीय. बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने वाकलो आणि वितीने मोजली. तीन विती. माझ्या बुटाला नाडी नाही हे मेव्हणीच्या लक्षात आलं असावं. बराच वेळ बघत होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोने परस्पर साडूला फोन लावला आणि माझ्या कानाला चिकटवला. झालं, सल्ला सुरू. म्हणे टाकीच्या आकाराला भुलू नका, पंप मिनिटाला किती हवा देतो ते बघा. स्प्रे गनला सारखी हवा लागते, पंप कमी पडला की मोठी टाकीसुद्धा हां हां म्हणता रिकामी. शिवाय हवेतलं पाणी टाकीत साठतं. खालची चावी उघडून ते रोज काढायचं आणि नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावायचा. मी हो हो म्हणालो.
डाव लगेच ओळखला. मी मोठी टाकी घेऊ नये म्हणून बिचाऱ्याची धडपड चाललीय. घाबरलाय.

१० फेब्रुवारी, शनिवार
दुकान. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवाय? म्हटलं, साडूसाठी. मग दुरुस्ती केली, गाडी रंगवण्यासाठी. त्याने एक बुटकं मॉडेल दाखवलं. दणकट पंप, टाकी साडूएवढीच. छे! मी कोपऱ्यातला पिवळा निवडला. पाच विती! पंप जरा नाजूक आहे, पण रुबाब काय! दुकानदार म्हणाला, हा टायरमध्ये हवा भरायला नेतात लोक. वर फिल्टर दाखवायला लागला, तेव्हा मात्र खात्री पटली. साडूने याला आधीच गाठलंय. फिल्टर घेतला नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन. चाकांचे नट काढायला हवेवर चालणारा पाना लावला. टर्रर्र झालं, मग टुक, मग शांत. टाकी पुन्हा भरेपर्यंत एक चहा होतो. चहा खूप झाले. नट हलला नाही. नट वाईट प्रतीचे आहेत.
बायकोने साधा हातपाना आणला, त्यावर पाय देऊन उभी राहिली आणि नट सुटला. मी आधी सैल करून ठेवला होता म्हणून.

१७ फेब्रुवारी, शनिवार
आठवडाभर ऑफिसातून येऊन घासकाम. गंजाच्या खड्ड्यांत लांबी भरली, पुन्हा घासलं. केसात धूळ, डाळीत धूळ. बायको म्हणाली, जिजाजींच्या घरात एवढी धूळ नव्हती झाली. उद्या बोलू, बॉनेट दाखवून.

१८ फेब्रुवारी, रविवार, दुपार
रंग निळा. लाल नाही, उगाच नक्कल केली म्हणतील. पहिले दोन हात असे बसले की साडूला फोटो पाठवला. मग गन खोकायला लागली. मग थुंकायला लागली. थांबलो, टाकी भरू दिली. तोवर आधीचा रंग सुकून गेला. पुन्हा मारला, पुन्हा थांबलो. बॉनेटवर पट्टे आलेत. डिझाइन म्हणून खपतील.

त्याच दिवशी, संध्याकाळ
रंगाला पुरळ आलंय. बारीक फोड, गोवर निघाल्यासारखे. हवा दमट आहे. डबाही जुना असणार.
बायको तयार होऊन आली. बॉनेटकडे बघितलं, लिपस्टिक लावायला आत आरशाकडे गेली. हे लागलं. खरंच लागलं.

२० फेब्रुवारी, मंगळवार
बायकोने फितुरी केली. साडू हजर. हसला नाही, हाच त्याचा दुष्टपणा. उकिडवा बसला, टाकीखालची चावी फिरवली. फुर्रर्र करून तांबूस पाणी आलं, थांबेचना. बायकोने बादली आणली. म्हणाला, हेच पाणी हवेबरोबर रंगात गेलं. वर माझ्या कॉम्प्रेसरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, मजबूत आहे हो, टायरसाठी एकदम उत्तम.
गाडी घेऊन गेला. मी मदतीला येतो म्हटलं. म्हणाला, तुम्ही आराम करा.

३ मार्च, रविवार
गाडी परत आली. सगळं घासून काढून साडूने पुन्हा रंगवली. मेव्हणी म्हणाली, रंगाची निवड मात्र भाऊजींची हं. समजूत काढत होती.
बायको सरळ आमच्या बॉनेटपाशी गेली आणि वाकून लिपस्टिक लावायला लागली. याच क्षणासाठी एवढा खटाटोप केला होता. मागे जाऊन उभा राहिलो. म्हणाली, जरा सरक ना, उजेड अडतोय.
सरकलो.
निघताना साडू म्हणाला, टायर मऊ वाटतायत, जरा हवा मारता का? पिवळा बाहेर काढला. दोन्ही गाड्यांत भरली. कुरकुर न करता चालला. साडूने पुन्हा पुन्हा कौतुक केलं. शेवटच्या चाकाशी बसलो होतो तेव्हा आमच्या गाडीच्या दारात माझं तोंड दिसलं. अगदी स्वच्छ, फुगलेल्या नाकपुड्यांसकट. साडूचं काम खरंच चोख आहे.
आज, मला मत्सर वाटला नाही, असं लिहायला बसलो होतो. पण ते तोंड मी बघितलंय.